लायन्सचा दौरा संपला, पण मधल्या वारचे सामने नक्की कुणाचे होते?

यारातीर (मेलबर्न)

लायन्स, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडचा रग्बी संघ, २०२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर आला होता. त्यातली सिडनीची तिसरी टेस्ट बघून काल घरी पोचलो. जाकीट अजून ओलं आहे. दुसरा हाफ सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता, विजा चमकायला लागल्या, दोन्ही संघांना आत पाठवलं आणि जवळपास ४० मिनिटं खेळ बंद. ८० हजारांहून जास्त माणसं, पाऊस धो धो, आणि तरी फारसं कुणी घरी गेलं नाही. खेळ पुन्हा सुरू झाला आणि वॉलाबीजनी (ऑस्ट्रेलियाच्या संघाने) २२-१२ असा सामना घेतला. मालिका मात्र लायन्सची, २-१. ब्रिस्बेनला २७-१९ आणि आमच्या मेलबर्नला २९-२६ जिंकून त्यांनी ती आधीच खिशात टाकली होती.

लायन्स इथे १२ वर्षांनी एकदा येतात. २०१३ मध्ये आले तेव्हा मी या देशात नवा होतो, रग्बीतलं काही कळत नव्हतं, ऑफिसातल्या एकाच्या जास्तीच्या तिकिटावर गेलो होतो. आता पुन्हा येतील तेव्हा माझी तेरा वर्षांची लेक पंचविशीची असेल. म्हणून यंदा ठरवून चार सामने पाहिले: ॲडलेड, मग मेलबर्नचे दोन्ही, मग सिडनी. त्यातून मनात जे साठलंय ते इथे मांडतो, कारण घरी आता कुणी ऐकून घेत नाही.

दोन टेस्ट डोळ्यांचं पारणं फेडणाऱ्या होत्या, त्याबद्दल वाद नाही. पण दौरा म्हणजे तीन टेस्ट नव्हेत. दौरा म्हणजे पाहुण्या संघाने गावोगाव जाणं, मंगळवारी-बुधवारी तिथल्या संघाशी खेळणं, आणि त्या संघाने पाहुण्यांना घाम फोडणं. ॲडलेडला लायन्ससमोर उभा केला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या खेळाडूंचा एक जमवलेला निमंत्रित संघ. ४८-० हरला. चांगले खेळाडू होते हो त्यात. पण माझ्या शेजारी बसलेल्या माणसाने तासाभराने विचारलं, "आपण ओरडायचं कुणासाठी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दहा दिवसांनी, मंगळवारी, इथे डॉकलंड्सला फर्स्ट नेशन्स आणि पासिफिका फिफ्टीनशी सामना. खरं तर तो मेलबर्न रेबेल्सचा सामना असायचा, पण २०२४ मध्ये रेबेल्स बंदच पडले. त्यांच्या जागी मूळनिवासी आणि पॅसिफिक बेटांवरून आलेल्या घरांतली पोरं खेळली. सामन्याआधी त्यांनी आपापल्या परंपरा एकत्र करून आव्हान-नृत्य केलं. आमच्या मागे एक टोंगन कुटुंब होतं, आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत. आजी पूर्ण सामना उभी होती. लायन्स जिंकले, २४-१९, पण शेवटपर्यंत जीव टांगणीला. दौऱ्यातली माझी सर्वांत आवडती रात्र तीच, एमसीजीपेक्षाही.

माझा प्रश्न असा: नऊ सामन्यांच्या दौऱ्यात असे सामने एक-दोनच निघत असतील, तर याला दौरा म्हणायचं की तीन टेस्टची मालिका आणि तिच्याआधी तिकीट लावून केलेला सराव?

रोजची_बेरीज (लंडन)

यारातीर, भावना पोचली, पण थोडा हिशोब मांडतो. २०१३ च्या दौऱ्यात हाँगकाँगचा सामना धरून दहा सामने होते. २०१७ ला न्यूझीलंडमध्ये दहा. यंदा डब्लिनचा धरून दहाच. म्हणजे दौरा लहान झाला ही तक्रार यंदाची नाही, ती १९९७ नंतरची आहे. तेव्हा १३ होते. १९७४ ला २२, १९५९ ला ३३. त्या काळी खेळाडू हौशी होते, नोकरीतून महिनोन् महिने रजा काढून जायचे, बोटीने किंवा विमानांची साखळी करत. आता तो त्यांचा पेशा आहे.

आणि शरीराचं काय? इंग्लंडच्या लीगची आणि यूआरसीची (आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंडचे संघ खेळतात ती लीग), दोन्ही अंतिम लढती १४ जूनला झाल्या. २० जूनला लायन्स डब्लिनमध्ये अर्जेंटिनाशी खेळत होते, २८ जूनला पर्थमध्ये. ही पोरं जवळजवळ वर्षभर न थांबता एकमेकांवर आदळत होती. तुम्ही-आम्ही गॅलरीत बसून आणखी पाच सामने मागतो, तेव्हा ते कुणाच्या गुडघ्यावर मागतो याचा विचार व्हायला हवा. माझं मत: तीन टेस्ट आणि आधी चार सामने, बास. मधल्या वारचे सामने टेस्टच्या आठवड्यात नकोतच.

टाफकाठ (कार्डिफ)

बेरीज, तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी अजिबात सहमत नाही, आणि मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, गुडघे रोज बघते.

आमच्याकडे टेस्ट सकाळी अकराला. तीनही शनिवारी आम्ही गल्लीतल्या क्लबात जमलो, चहा आणि बेकन रोल घेऊन. पहिल्या शनिवारी क्लबात जे वातावरण होतं ते वेल्समध्ये राहिल्याशिवाय कळणार नाही. ३८ जणांच्या पहिल्या यादीत आमचे दोनच: जॅक मॉर्गन आणि टॉमोस विल्यम्स. टॉमोस पर्थच्या सामन्यात जखमी होऊन घरी परतला. पहिल्या टेस्टच्या तेवीस जणांत मॉर्गन नाही. वेल्सचा एकही खेळाडू नसलेला लायन्सचा टेस्ट संघ १८९६ नंतर पहिल्यांदाच. भिंतीवर जुन्या लायन्सचे फोटो लावलेत त्या खोलीत बसून हे बघायचं. एक आजोबा दहा मिनिटांनी उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

मग दुसरी टेस्ट. मॉर्गन बाकावर. शेवटच्या मिनिटात रकमध्ये (जमिनीवरच्या चेंडूवरची झोंबाझोंबी) वॉलाबीजच्या टिझानोला ज्याने बाजूला सारलं तो मॉर्गनच, आणि त्यानंतर आपल्या कीननचा ट्राय, म्हणजे चेंडू रेषेपलीकडे टेकवून मिळवलेले गुण. पंच रिप्ले बघत होते तेव्हा आमच्या क्लबात कुणी श्वास घेत नव्हतं. ट्राय कायम राहिला आणि ते आजोबा माझ्या गळ्यात पडून रडले. तिसऱ्या टेस्टमध्ये लायन्सचा पहिला ट्राय मॉर्गनचा.

हे का सांगते? मधल्या वारचे सामने काढून टाकले असते तर मॉर्गनसारख्याने आपली जागा मिळवायची कुठे? लायन्समध्ये मंगळवारचा संघ हा शनिवारच्या संघाचा दरवाजा असतो. तो दरवाजाच काढून टाकला, तर निवड विमानात बसण्याआधीच झालेली असेल. मग ३८ जण न्यायचे कशाला, २६ न्या.

यारातीर (मेलबर्न)

डॉक्टरताई, मेलबर्नचा तो शेवटचा मिनिट मी मैदानात अनुभवला. ९०,३०७ माणसं. वॉलाबीज अर्ध्या तासात २३-५ पुढे होते, आम्ही घरी जाताना काय गायचं ते ठरवत होतो. मॉर्गनचा तो क्लिअरआउट (टिझानोला बाजूला सारणं) मला अजूनही पेनल्टीच वाटतो. तुमच्या आजोबांसाठी मात्र आता थोडं बरं वाटतंय.

नवखा_सांगलीकर (सांगली)

मंडळी, मध्येच बोलतो, माफ करा. इथल्या धाग्यांमुळे रग्बी बघायला लागलोय. हा लायन्स संघ नेमका कुठल्या देशाचा? इंग्लंड आणि आयर्लंड तर एकमेकांविरुद्ध खेळतात ना?

गिरगावचा_विंगर (मुंबई)

सांगलीकर, माफी कसली, हाच खरा प्रश्न आहे. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड एरवी एकमेकांचे कट्टर वैरी. दर चार वर्षांनी या चौघांतून एक संघ निवडतात आणि तो आळीपाळीने ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि न्यूझीलंडला जातो. म्हणून प्रत्येक यजमानाकडे पाळी १२ वर्षांनी येते. पहिला असा दौरा १८८८ चा, ३५ रग्बी सामने. त्या संघाचा कर्णधार रॉबर्ट सेडन त्याच दौऱ्यात हंटर नदीत बुडून गेला.

या वैराची एक खूण आपल्याकडची आहे, तीही सांगून टाकतो. इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या कपसाठी खेळतात तो कलकत्ता कप. कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद करायची वेळ आली तेव्हा सभासदांनी बँकेतले चांदीचे रुपये काढले, वितळवले आणि कप घडवून विलायतेत पाठवला. तीन नागांचे तीन कान आणि झाकणावर हत्ती. १८७९ पासून त्यासाठी खेळतात. आणि लायन्सच्या दौऱ्यावर हेच इंग्लिश-स्कॉटिश पाठीराखे एकाच लाल जर्सीत शेजारी बसतात. दौऱ्याची अर्धी जादू यातच आहे.

आता मूळ विषय. यारातीर, तुमच्या शेजाऱ्याचा प्रश्न मी दिवसभर डोक्यात घेऊन फिरतोय. "ओरडायचं कुणासाठी?"

फेब्रुवारी १९९८. ऑस्ट्रेलियाचा क्रिकेट संघ भारतात आला आणि टेस्टआधी ब्रेबॉर्नवर मुंबईशी तीन दिवस खेळला. मी चर्चगेटला नोकरीला होतो, दुपारी कारण काढून सटकलो. सचिनने वॉर्नला जो चोपला, नाबाद २०४. मुंबई दहा गडी राखून जिंकली. कागदावर तो सरावसामना. आमच्यासाठी? ऑस्ट्रेलियाला भारताने नाही, मुंबईने हरवलं होतं. ट्रेनमध्ये लोक तसंच म्हणत होते, "आपण हरवलं." त्या "आपण"मध्ये दादर-गिरगाव-वसई-विरार सगळं होतं. टेस्ट मालिका सुरू व्हायची होती, पण दौऱ्यात आमचं जे होतं ते आम्हाला मिळालं होतं. तेच ब्रेबॉर्नवर एखादा निमंत्रित संघ असता तर मी कारण काढून सटकलो असतो का?

आता परदेशी संघ येतात, थेट टेस्टला उभे राहतात किंवा आपसात सराव करतात. रग्बीचं तसं होऊ नये एवढंच.

टाफकाठ (कार्डिफ)

विंगरदादा, अगदी हेच. आमच्याकडचा ब्रेबॉर्न म्हणजे लानेथलीचं स्ट्रेडी पार्क, ३१ ऑक्टोबर १९७२. लानेथली ९, ऑल ब्लॅक्स (न्यूझीलंडचा संघ) ३. गावचा क्लब. प्रशिक्षक कार्विन जेम्स, ज्यांनी आदल्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये लायन्सना मालिका जिंकून दिली होती. मी वेल्समध्ये आले तेव्हा त्या सामन्याला तीस वर्षं होऊन गेली होती, तरी पहिल्या महिन्यातच तीन वेगवेगळ्या पेशंटनी मला तो सांगितला. आणि १९७८ मध्ये, योगायोगाने तारीख तीच, लिमरिकला मन्स्टरने ऑल ब्लॅक्सना १२-० हरवलं. या सामन्यांनी मालिकांचे निकाल बदलले नाहीत. पण दोन गावांची ओळख बदलली.

जुन्या लांब दौऱ्यांचं कौतुक करताना एक गोष्ट मात्र झाकायला नको. १९७४ चा दक्षिण आफ्रिका दौरा, २२ सामन्यांत एकही हार नाही, सगळे त्याचे पोवाडे गातात. तो वर्णभेदाच्या राजवटीतला दौरा होता. वेल्सचा जॉन टेलर १९६८ ला तिथे जाऊन आला होता, त्याने जे पाहिलं त्यामुळे १९७४ ला जायला नकार दिला. गावोगाव जाणं म्हणजे तिथल्या सगळ्या गावाला भेटणं होतंच असं नाही. मैदानात कुणाला बसू देतात आणि कुणाला नाही, हाही दौऱ्याच्या रचनेचाच भाग असतो. तुमची ती टोंगन आजी मला म्हणूनच फार आवडली.

रोजची_बेरीज (लंडन)

विंगरकाका, ब्रेबॉर्नचा मुद्दा बिनतोड आहे. पण एक खटकतंय. सगळे म्हणतात, मधले सामने फिके पडले कारण प्रशिक्षक श्मिटने वॉलाबीज राखून ठेवले, प्रांतांना दिले नाहीत. ठीक. पण २०१३ मध्येही कॅनबेराच्या ब्रंबीज संघाचे बरेच मोठे खेळाडू राष्ट्रीय शिबिरात होते. उरलेल्या पोरांनी लायन्सना १४-१२ हरवलं. २००१ ला गॉसफर्डमध्ये ऑस्ट्रेलिया 'अ' ने २८-२५. १९७१ ला तर दौऱ्याच्या पहिल्याच सामन्यात क्वीन्सलंड १५-११ जिंकलं. मग फक्त मोठी नावं नसणं हे कारण पुरेसं नाही. यंदा पर्थचे फोर्स ५४-७ हरले, ब्रिस्बेनचे रेड्स ५२-१२. त्यात कुणी कुणाला राखलं यापेक्षा ऑस्ट्रेलियातल्या प्रांतीय रग्बीची तब्येत दिसते. रेबेल्स बंद पडले त्याच आजाराने. आणि हा दौरा तर रग्बी ऑस्ट्रेलियाला कर्जातून बाहेर काढण्यासाठीच हवा होता. रिकाम्या घरात पाहुणचार कसा भारी होणार?

यारातीर (मेलबर्न)

बेरीज, हे मान्य. माझं पहिलं गाऱ्हाणं मीच थोडं बदलतो. सिडनीच्या वॉराटाजनी लायन्सना २१-१० वर रोखलं, ब्रंबीजनी २४ गुण काढले, ३६-२४. हे दोन्ही सामने फिके नव्हते, मी टीव्हीवर पाहिले म्हणून सुरुवातीला विसरलो. संख्या कमी आहे असं मला म्हणायचं नाहीच. प्रश्न हा की त्या सामन्याला मालक आहे का. जो संघ उद्या सकाळीही असणार आहे, ज्याच्या मुलांच्या शाळेत सोमवारी त्या सामन्यावर बोललं जाणार आहे, असा संघ हवा. ॲडलेडच्या संघाची जर्सी त्या रात्रीनंतर कुणी घालणार नव्हतं.

ब्रिस्बेनचा_बाप्या (ब्रिस्बेन)

उशिरा आलो. वातावरणावर कुणी बोलत नाहीये, तर मी बोलतो.

पहिली टेस्ट सनकॉर्पला पाहिली. आयताकृती मैदान, प्रेक्षक रेषेला खेटून, स्क्रम (दोन्ही संघ खांद्याला खांदा भिडवून रेटतात ते) बसताना खेळाडूंचा हुंकार ऐकू येतो. एमसीजी लंबगोल, मुळात क्रिकेट आणि फूटीसाठी (ऑस्ट्रेलियन फुटबॉल) बांधलेलं, पहिल्या रांगेतूनही टचलाइन लांब. तिथे ९० हजारांची लाट येते, पण सनकॉर्पला ५२ हजारांत छातीवर येऊन धडकते. रग्बी आयताकृती मैदानावरच बघावी, या मताचा मी आहे.

दुसरं, लाल जर्सीवाले. २००१ मध्ये इथे गॅबावर पहिली टेस्ट झाली तेव्हा अर्धं मैदान लाल दिसत होतं, वॉलाबीजना आपण परक्या देशात खेळतोय असं वाटलं. लायन्स २९-१३ जिंकले. पुढच्या टेस्टला मेलबर्नला इथल्या मंडळाने लोकांना सोनेरी टोप्या-स्कार्फ वाटले आणि वॉलाबीज ३५-१४ जिंकले. टोप्यांमुळे जिंकले असं नाही म्हणत, पण घरच्या पाठीराख्यांना जाग आली ती तेव्हा. यंदाही आठवडाभर शहर लाल होतं. नदीकाठच्या सगळ्या बाकांवर वेल्श, आयरिश, स्कॉटिश आज्या-आजोबा. एका आयरिश जोडप्याने घर दुरुस्तीचे पैसे मोडून दौरा केला होता. मी त्यांना घरी जेवायला नेलं, बायकोने थालीपीठ केलं. त्यांनी दोन-दोन खाल्ली आणि डबाही नेला.

माझी तक्रार एकच. एका मैदानात, कुठल्या ते सांगत नाही, खेळ थांबला की कर्ण्यांवरून गाणी लावत होते. पेनल्टी मिळाली, गाणं. लाइनआउट, गाणं. हजारो लोक आपणहून गायला लागलेले असताना त्यांचा आवाज यंत्राने बुडवायचा? पालखीत टाळ-मृदंग चालू असताना शेजारी डीजे लावला तर काय वाटेल? लायन्सच्या दौऱ्याला लोकच वाद्य असतात. ती "लायन्स, लायन्स" हाक एका कोपऱ्यातून उठते आणि हळूहळू सगळीकडे पसरते, तिला वेळ द्यावा लागतो.

नवखा_सांगलीकर (सांगली)

बाप्यादादा, घरी बसून दुसरी टेस्ट बघताना ती हाक टीव्हीवरही ऐकू येत होती. आपल्याकडे दुपारचे साडेतीन, बाहेर पाऊस. वडिलांनी विचारलं हे लोक काय म्हणतायत. मी सांगितलं. ते म्हणाले, कुस्तीच्या फडात असंच असतं, पैलवानाचं नाव घेऊन. मग तेही शेवटपर्यंत बसले.

माउंट_ईडन (ऑकलंड)

यारातीर, तुमचा "मालक" शब्द पटला, पण त्याला एक अपवाद सांगते, कारण मी तो डोळ्यांनी पाहिलाय.

जून २०१७, व्हांगारेई. लायन्सचा न्यूझीलंडमधला पहिला सामना प्रोव्हिन्शियल बार्बेरियन्सशी. तुमच्या व्याख्येने अगदी बेवारस संघ. सुपर रग्बी या मोठ्या व्यावसायिक स्पर्धेचे करार न मिळालेली, छोट्या प्रांतांत खेळणारी पोरं, सामन्यापुरती जमवलेली. उद्या सकाळी तो संघ नसणारच होता. आणि लायन्स कसेबसे १३-७ जिंकले. मैदान त्या पोरांसाठी वेडं झालं होतं. का? कारण कुणी कुणाच्या शाळेतला, कुणी कुणाच्या दुधाच्या डेअरीवर काम करणारा. संघाला नाव नव्हतं, पण प्रत्येक खेळाडूला गाव होतं.

त्यामुळे मी म्हणेन, संघ उद्या असणार का, यापेक्षा त्या पोरांच्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी रात्र आहे का, हे बघा. व्हांगारेईला होती. तुमच्या टोंगन आजीच्या नातवांनाही होती. ॲडलेडच्या खेळाडूंना बहुतेक आणखी एक सामना होता.

आणि त्या दौऱ्याची रचना बघा. ब्लूजनी २२-१६ हरवलं, हायलँडर्सनी २३-२२, हरिकेन्सशी ३१-३१. क्रूसेडर्स आणि माओरी ऑल ब्लॅक्सना लायन्सनी हरवलं. प्रत्येक आठवड्यात काहीतरी पणाला होतं. म्हणूनच शेवटची टेस्ट ईडन पार्कला १५-१५ सुटली तेव्हा मैदानात तो विचित्र सन्नाटा पसरला. कुणाला टाळ्या वाजवाव्या कळेना, कुणाला रडावं कळेना. मी माझ्या नवऱ्याकडे बघितलं, तो म्हणाला, "आता घरी जायचं का?" दीड महिना एकत्र घालवल्यावर बरोबरीत निरोप. मला तो अजूनही खेळातला सर्वांत सुंदर शेवट वाटतो.

आणखी एक. सप्टेंबर २०२७ मध्ये लायन्सचा महिला संघ पहिल्यांदा दौरा करणार आहे, इथेच, न्यूझीलंडमध्ये, तीन टेस्ट. बाकी सगळे २०२९ ची वाट बघतायत, मी २०२७ ची. मधल्या सामन्यांचा सगळा नव्याने विचार करायला हीच संधी आहे. माझी मुलगी शाळेच्या संघात हूकर आहे, म्हणजे स्क्रमच्या पुढच्या रांगेत मधोमध खेळते. ब्लॅक फर्न्सशी (न्यूझीलंडचा महिला संघ) टेस्ट होतीलच, पण वाइकाटोच्या, कँटरबरीच्या मुलींना लायन्सशी खेळायला मिळावं.

रोजची_बेरीज (लंडन)

माउंटताई, व्हांगारेईचा मुद्दा माझ्या हिशोबात नव्हता. माघार घेतो असं नाही, गुडघ्यांचा मुद्दा कायम आहे. पण चार सामने ठेवायचे तर ते कुठले, याबद्दल मत बदललं. टेस्टच्या आठवड्यातला मंगळवारही राहू द्या, डॉक्टरताईंच्या दरवाजासाठी. फक्त ज्यांना शनिवारी खेळायचंय त्यांना हात लावू नका.

डब्लिनच्या सामन्याला मी पैशांसाठीचा म्हणून नावं ठेवणार होतो. पण अर्जेंटिनाने तो २८-२४ जिंकला, लायन्सवरचा त्यांचा पहिला विजय. २००५ ला कार्डिफमध्ये २५-२५ वर लायन्सच्या विल्किन्सनच्या अखेरच्या किकने त्यांच्या हातून निसटला होता. वीस वर्षं वाट बघितली त्यांनी. तेव्हा तो सामना कुणाचा होता हे विचारायची गरज नाही. पण तो निरोपाचा समारंभ म्हणून विकला हे चुकलं.

खरी काळजी वेगळीच आहे. २०२६ च्या जुलैपासून १२ देशांची नवी स्पर्धा येतेय. सहा उत्तरेचे, सहा दक्षिणेचे, आणि नोव्हेंबरात लंडनला अंतिम लढती. म्हणजे त्या वर्षांत एखादा देश दुसऱ्याकडे जाऊन तीन टेस्ट खेळला, हे प्रकरण संपलं. दर शनिवारी वेगळा देश, वेगळं विमान. मग जुन्या धाटणीचा दौरा उरणार लायन्सचा, आणि २०२६ मध्ये ऑल ब्लॅक्स दक्षिण आफ्रिकेत जातायत तो. त्यात प्रांतीय संघांशीही सामने आहेत, हे वाचून खूप बरं वाटलं. पूर्वी जे सर्रास होतं ते आता दोन-तीन जागीच उरणार असेल, तर तिथे तरी ते पातळ करू नका.

ब्रिस्बेनचा_बाप्या (ब्रिस्बेन)

ॲडलेडच्या जागी काय, ते मी सांगतो. फिजी. १९७७ मध्ये लायन्स न्यूझीलंडहून परतताना सुव्हाला थांबले आणि फिजीकडून २५-२१ हरले. त्यानंतर दौऱ्यात फिजी, सामोआ, टोंगा यांना का घेतलं नाही? ब्रिस्बेन, सिडनी, ऑकलंड, कुठेही हा सामना ठेवा, तिकिटं उरणार नाहीत. आमच्या सोसायटीतली फिजियन मंडळी अर्ध्या तासात बस भरतील.

माउंट_ईडन (ऑकलंड)

ब्रिस्बेन-सिडनीला का, सुव्हालाच जा ना! पाहुण्याने यजमानाच्या घरी जायचं असतं, यजमानाला हॉलवर बोलवायचं नसतं.

यारातीर (मेलबर्न)

सुव्हा. माउंटताई, यापुढे माझी मागणी हीच. २०२९ ला न्यूझीलंडला जाताना किंवा येताना लायन्सनी सुव्हाला थांबावं. विमानतळावर जागा धरून बसेन.

काल लेकीला विचारलं, चार सामन्यांतलं काय लक्षात राहिलं. मला वाटलं कीननचा ट्राय म्हणेल, नाहीतर सिडनीच्या विजा. ती म्हणाली, त्या आजीने मला दिलेली बिस्किटं. डॉकलंड्सला मध्यंतरात आजीने पुढे वाकून तिच्या हातात पुडा ठेवला होता आणि विचारलं होतं, "तू कुणाच्या बाजूची?" लेकीने एक क्षण विचार करून सांगितलं, "तुमच्या." दुसऱ्या हाफमध्ये ती आजीशेजारी जाऊन उभी राहिली, आणि सामना संपल्यावर पोरांपैकी एक कठड्यापाशी आला, आजीच्या कपाळाला कपाळ टेकवलं आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवून गेला. त्याचं नाव आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

गिरगावचा_विंगर (मुंबई)

यारातीर, त्या मंगळवारच्या सामन्याचा कार्यक्रमपत्र जपून ठेवला असाल तर फोटो टाका, कोपरा भिजला असला तरी चालेल. इकडे पाऊस लागलाय, म्हणजे बॉम्बे जिमखान्यावर रग्बीचा हंगाम. डिसेंबरात आलात तर क्रिकेटच दिसेल, म्हणून पुढच्या पावसाळ्यात या, लेकीला घेऊन. आझाद मैदानाच्या बाजूने कठड्याला टेकून उभं राहिलं की स्क्रमचा आवाज अगदी जवळून येतो.